फोन शेतात, गाणे घरात : स्ट्रीमिंग आणि डिजिटल स्पीकरांच्या जोडणीचे परीक्षण

या परीक्षणात एका वस्तूऐवजी एका जोडणीचा विचार केला आहे. एडिफायर कंपनीचे आर१२८०डीबी हे अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर आणि डिजिटल इनपुट असलेले स्पीकर, इंटरनेटवरून गाणे घेऊन स्पीकरला देणारा, वीम मिनी नावाचा तळहातावर मावणारा स्ट्रीमर, या दोघांना जोडणारी, आवाजाचा संकेत प्रकाशातून नेणारी ऑप्टिकल वायर आणि संगीत पुरवणारी स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक किंवा यूट्यूब म्युझिक यांसारखी सेवा, अशी ही साखळी आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, आमच्या गावच्या घरात, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत ती वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. घराचा पुढचा भाग जाड मातीच्या भिंतींचा आणि कवेलूंचा आहे. मागच्या वाढीव खोल्यांवर टिनपत्रे आहेत. शहरातल्या सदनिकेत बसून लिहिलेली परीक्षणे अशा घराला अपुरी पडतात, कारण अखंड वीज, नीट अर्थिंग आणि भरवशाचे इंटरनेट या तीन गोष्टी त्यांत आधीच गृहीत धरलेल्या असतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ही जोडणी गावात उत्तम चालते आणि तिच्यावरचा खर्च सार्थकी लागतो; मात्र गाणे फोनमधून ब्लूटूथने न पाठवता स्ट्रीमरला ते स्वतः इंटरनेटवरून घेऊ द्यावे, आणि तिथून पुढे ते ऑप्टिकल वायरनेच स्पीकरात न्यावे.

ज्यांच्या घरी अजून जुना डेक आणि त्याला तांब्याच्या वायरींनी जोडलेले लाकडी स्पीकर आहेत, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. या स्पीकरांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. आर१२८०डीबीच्या जोडीतील एका पेटीत अ‍ॅम्प्लिफायर, डिजिटल संकेताचा आवाज करणारे सर्किट आणि सगळी बटणे असतात, तर दुसरी पेटी एका वायरीने पहिलीला जोडलेली असते. प्रत्येक पेटीत खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी ४ इंचांचा वूफर आणि वरच्या पट्टीसाठी १३ मिलिमीटरचा ट्विटर असून दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी, इतकी शक्ती आहे. मागच्या बाजूला एक ऑप्टिकल, एक कोएक्शियल (तांब्याच्या वायरीने डिजिटल संकेत घेणारे) आणि दोन साधे आरसीए (लाल-पांढऱ्या टोकांच्या वायरींचे) इनपुट आहेत, शिवाय ब्लूटूथ आहे. वाय-फाय मात्र नाही, म्हणून स्ट्रीमर वेगळा घ्यावा लागतो. केईएफच्या एलएसएक्स २ सारख्या महाग जोड्यांमध्ये स्ट्रीमर स्पीकरच्या पोटातच असतो आणि वूफरला व ट्विटरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यामुळे तिथे आवाजाची शिस्त निःसंशय वरच्या दर्जाची असते. तरीही गावातल्या ग्राहकाने सुट्या वस्तूंची जोडणी करावी, असे मी म्हणेन. इंटरनेटवरच्या सेवा आणि त्यांची तंत्रे काही वर्षांत बदलतात, स्पीकरची पेटी मात्र सहज दशकभर टिकते. आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढून नागपूरला पाठवता येतो, संपूर्ण जोडी खोक्यात बांधून रवाना करावी लागत नाही.

बहुतेक घरांत स्पीकर आणल्या दिवशी फोनचे ब्लूटूथ जोडले जाते आणि पुढे तेच कायम राहते. ते सोपे आहे हे मान्य केले, तरी त्यात दोन प्रकारची हानी होते. पहिली हानी आवाजाची. सेवेकडून गाणे आधीच दाबून लहान केलेल्या स्वरूपात येते. फोन ते उलगडतो आणि ब्लूटूथवर पाठवण्यासाठी पुन्हा दाबतो. सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी या पद्धतीत त्यासाठी सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट एवढीच जागा मिळते. चित्रपटगीतात हा फरक पटकन जाणवणार नाही, पण खंजिरीच्या साथीवर गायलेले भजन लावून पाहावे. खंजिरीच्या चकत्यांचा किणकिणाट हा अतिशय वरच्या पट्टीतला, क्षणात उठून क्षणात विरणारा आवाज असतो. दोनदा दाबलेल्या संकेतात या चकत्या एकमेकींत मिसळून वाळू चाळल्यासारखी सरसर ऐकू येते, तर ऑप्टिकल वायरीतून तेच भजन ऐकताना चामड्यावरची थाप आणि चकत्यांची किणकिण वेगवेगळी कळते. आमच्या भागात खंजिरी ऐकत मोठा झालेला कोणीही माणूस हा फरक ओळखेल, त्याला तांत्रिक शब्द माहीत असण्याची गरज नाही.

दुसरी हानी सोयीची आहे आणि घरातल्या इतर माणसांना तीच अधिक जाणवते. ब्लूटूथवर गाणे फोनमधून येते, म्हणून फोन आला की गाणे थांबते, संदेशाची टिंगटिंग स्पीकरातून घुमते, आणि ज्याचा फोन तो माणूस वावरात गेला की गाणेही त्याच्याबरोबर जाते. सकाळी ओलिताला निघणाऱ्या माणसाच्या खिशात घराचे संगीत असावे, ही व्यवस्थाच चुकीची आहे.

स्पॉटिफाय कनेक्ट या स्पॉटिफायमधल्याच सोयीची रचना याच्या उलट आहे. फोनवर गाणे निवडले की फोन केवळ कोणते गाणे लावायचे एवढा निरोप देतो. ते गाणे स्ट्रीमर घरच्या वाय-फायवरून थेट सेवेच्या संगणकाकडून घेतो. त्यानंतर फोन बंद पडला, त्यावर कोणाशी बोलणे सुरू झाले किंवा तो घराबाहेर गेला, तरी लावलेली यादी चालू राहते. आमच्या शेजारचे काकाजी पहिल्यांदा ऐकायला आले तेव्हा त्यांनी विचारले होते, “फोन तर तुह्या खिशात हाये, मंग गाणं कुठून येऊन राहिलं?” त्यांना दाखवायला मी फोनचे विमान-चिन्ह दाबले आणि गाणे तसेच सुरू राहिले. घरातल्या दुसऱ्या कोणाला गाणे बदलायचे असेल, तर स्ट्रीमरच्या अ‍ॅपमधून त्याच वाय-फायवरच्या कोणत्याही फोनवरून ते करता येते. यात लक्षात ठेवण्याची बाब एवढीच की स्पॉटिफायचे एक खाते एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजवते. मुलगा पुण्याला त्याच खात्यावर गाणे लावतो आणि गावातले थांबते, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते, तिचे कारण हेच आहे. अनेक जणांसाठीच्या योजनेत एकाहून अधिक खाती मिळतात, परंतु ती एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाने विद्यार्थी योजना वेगळी घेणे सरळ पडते.

पहिली जोडणी करताना फोन आणि स्ट्रीमर एकाच वाय-फायवर असावे लागतात. राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क असेल तर त्यावर स्ट्रीमर जोडू नये, कारण त्यावरची उपकरणे बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर मातीच्या घरात स्ट्रीमर २.४ वर ठेवावा. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा संकेत क्षीण होत जातो. संगीताला लागणारा वेग मुळात कमी असल्यामुळे हळू पण दूर पोहोचणारा पट्टा इथे अधिक उपयोगाचा ठरतो. ज्यांच्याकडे अजून फायबर आलेले नाही, त्यांनी एखादा जुना फोन सिम घालून हॉटस्पॉट म्हणून घरात, जिथे मनोऱ्याची रेंज चांगली येते त्या खिडकीत, कायमचा ठेवावा. रोजच्या वापरातला फोन हॉटस्पॉट म्हणून वापरल्यास तो बाहेर गेला की पुन्हा सारे ठप्प होते.

इंटरनेट जाते तेव्हा काय, हा प्रश्न गावात टाळता येत नाही. पावसाळ्यात झाड पडून किंवा रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटले तर ते जोडायला कधी कधी बराच वेळ लागतो. अशा वेळी फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी कामी येतील असे वाटते. स्पॉटिफाय कनेक्टमध्ये मात्र ती कामी येत नाहीत, कारण तिथे गाणे फोन देतच नाही. एअरप्ले या अ‍ॅपलच्या सोयीचे तसे नाही. त्यात आवाज फोनमधूनच, परंतु ब्लूटूथऐवजी वाय-फायवरून जातो, आणि म्हणून बाहेरचे इंटरनेट बंद असताना राउटर चालू असला एवढे पुरते. अ‍ॅपल म्युझिकमध्ये उतरवलेली गाणी आयफोनवरून तशीच वाजतात. माझ्या वीम मिनीवर एअरप्ले आहे, तरी घेताना खोक्यावर त्याचे चिन्ह पाहून खात्री करावी. अँड्रॉइड फोनवर एअरप्ले नसते, त्यामुळे तिथे उतरवलेल्या गाण्यांसाठी ब्लूटूथचाच आधार घ्यावा लागतो. याखेरीज स्वतःच्या मालकीच्या फायली स्ट्रीमरच्या अ‍ॅपमधून वाजवता येतात. आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींवरून करून घेतलेल्या फायली मी याच मार्गाने ऐकतो, आणि ज्यांच्या घरी अशा कॅसेटी अजून आहेत त्यांनी त्या बुरशी लागण्यापूर्वी उतरवून घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या कोणत्याही सेवेवर मिळणार नाहीत.

याच ठिकाणी सेवांच्या निवडीचा मुद्दा येतो. आवाजाच्या दर्जाची चर्चा नेहमी अ‍ॅपल म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्याभोवती फिरते, पण आपल्या भागातले संगीत कुठे आहे हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी, दंडारीची ध्वनिमुद्रणे, गावोगावच्या मंडळांची खंजिरी भजने, जयंतीच्या निमित्ताने दरवर्षी नव्याने येणारी भीमगीते, हे सारे प्रथम आणि पुष्कळदा केवळ यूट्यूबवर येते. २०१९ च्या मार्च महिन्यात भारतात आलेल्या यूट्यूब म्युझिकमधून यातले बरेच ऐकता येते. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या स्पॉटिफायवर आणि २०१५ पासून इथे असलेल्या अ‍ॅपल म्युझिकवर ते पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. अडचण अशी की यूट्यूब म्युझिक स्ट्रीमरकडे थेट सोपवायचे तर उपकरणात गुगल कास्ट ही फोनवर निवडलेले गाणे उपकरणाकडे सोपवणारी सोय असावी लागते, आणि ती वीम मिनीत नाही. त्याच कंपनीच्या वीम प्रो या मोठ्या स्ट्रीमरमध्ये आहे. म्हणून ज्यांचे ऐकणे मुख्यतः यूट्यूबवर आहे, त्यांनी सुरुवातीलाच कास्ट असलेला स्ट्रीमर घ्यावा. मिनीसाठी पैसे खर्च करून पुन्हा ब्लूटूथवर यायचे, तर स्पीकरात अंगभूत असलेले ब्लूटूथ काय वाईट होते? विदर्भातल्या वाचकांसाठी या संपूर्ण परीक्षणातला सर्वांत उपयोगी सल्ला मी हाच मानतो.

आता ऑप्टिकल वायरीविषयी सविस्तर लिहितो, कारण तिचे खरे मोल शहरापेक्षा गावात अधिक आहे. ही वायर तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणली, आणि तिच्यातून विजेऐवजी लाल प्रकाश जातो. सर्वसाधारण परीक्षणांत तिचा उल्लेख एका ओळीत संपतो. आमच्याकडे मात्र घराघरांत अर्थिंगचा प्रश्न आहे. काळ्या कसदार जमिनीत मीठ आणि कोळसा भरून अर्थिंगचा खड्डा केला जातो, तो पावसाळ्यात ठीक काम करतो; परंतु मार्चपासून ही जमीन वाळू लागते, आक्रसते, तिला भेगा पडतात, पट्टीभोवतीची माती सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढत जातो. मग टीव्ही, सेट टॉप बॉक्स, लॅपटॉप आणि स्पीकर आरसीए वायरींनी एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्या धातूच्या जाळीतून नको असलेला प्रवाह फिरतो आणि गाणे बंद असतानाही स्पीकरातून ५० हर्ट्झच्या आसपासची हमिंग अखंड ऐकू येते. दुरुस्तीवाले अशा वेळी स्पीकरच सदोष ठरवतात, आणि आमच्या परिसरात तशा चांगल्या जोड्या मातीमोल भावात विकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. काचेसारख्या पारदर्शक धाग्यातून प्रकाश जात असल्यामुळे ऑप्टिकल जोडणीत दोन उपकरणांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही, आणि या मार्गाने शिरणारी हमिंग पूर्णपणे थांबते. आमच्या घरी आरसीए वायर काढून ऑप्टिकल लावल्यावर रात्रीच्या शांततेत स्पीकरला कान लावला तरी केवळ हलकीशी सळसळ ऐकू येते. तरी अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे. तो जिवाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, संगीताचा नंतर.

ही वायर जोडताना टोकांवरच्या लहान प्लॅस्टिकच्या टोप्या काढाव्यात, तिला काटकोनात मोडू नये आणि ती जमिनीवरून नेऊ नये. कापूस किंवा धान्य साठवलेल्या घरात उंदरांचा वावर असतोच आणि या वायरी ते आवडीने कुरतडतात. भिंतीवरून, खिळ्यांना बांधून नेलेली वायर टिकते. पाच मीटरपर्यंतच्या चांगल्या वायरीने माझ्या ऐकण्यात काहीही फरक पडलेला नाही, आणि सोनेरी टोकांच्या महागड्या वायरीसाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही, कारण प्रकाशाला सोन्याचा उपयोग नाही.

वायर जोडूनही आवाज येत नसेल, किंवा केवळ खरखर येत असेल, तर बहुधा दोष आकड्यांच्या मेळात, म्हणजे डिजिटल संकेत किती बारकाईने मोजला आहे हे दाखवणाऱ्या बिट आणि किलोहर्ट्झ या आकड्यांत असतो. वीम मिनीचा ऑप्टिकल आउटपुट २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातो, तर परवडणाऱ्या अनेक स्पीकरांचे ऑप्टिकल इनपुट ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झपर्यंतचेच पीसीएम, म्हणजे न दाबलेले साधे डिजिटल, संकेत खात्रीने स्वीकारतात. म्हणून स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑप्टिकल आउटपुटची मर्यादा स्पीकरच्या पुस्तिकेत छापलेल्या आकड्यावर बांधून टाकावी. टीव्ही जोडायचा असल्यास त्याच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम निवडावे, हे त्याच कारणासाठी. या स्पीकरांना ऑप्टिकल इनपुट एकच असल्यामुळे तो स्ट्रीमरने व्यापला की टीव्हीसाठी कोएक्शियल उरतो. बऱ्याच साध्या एलईडी टीव्हींना तो आउटपुट असतो, तेव्हा अडचण येत नाही.

आवाज कमी-जास्त करण्याची दोन ठिकाणे होतात, एक स्ट्रीमरवर आणि एक स्पीकरवर, आणि त्यावरून घरात गोंधळ उडतो. स्पीकरचा आवाज एकदा मध्याच्या थोडा वर ठेवून सोडून द्यावा आणि रोजचे नियंत्रण फोनवरून करावे, ही पद्धत सर्वांना झेपते. ज्यांना अत्यंत हळू आवाजात ऐकायची सवय आहे त्यांनी मात्र उलट करावे, म्हणजे स्ट्रीमर पूर्ण आवाजावर ठेवून स्पीकरच्या रिमोटने कमी करावे, कारण डिजिटल पातळीवर आवाज फार उतरवला की बारीक तपशिलाची हानी होते. गाण्यांची पातळी आपोआप सारखी करण्याची सोय स्पॉटिफायमध्ये असते. जुनी आणि नवी गाणी मिसळून लावणाऱ्यांनी ती चालू ठेवावी, आणि शास्त्रीय संगीताची संपूर्ण मैफल ऐकणाऱ्यांनी बंद करावी.

दर्जाच्या आकड्यांविषयी थोडक्यात सांगतो. सीडीचा संकेत सेकंदाला १,४११ किलोबिटांचा असतो. स्पॉटिफायची सर्वोच्च साधी पातळी ३२० किलोबिटांची आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्या सेवेने लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता दाबलेले, संगीत देण्यास सुरुवात केली असून ते २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत असते. अ‍ॅपल म्युझिकने ते जून २०२१ मध्येच सुरू केले होते आणि तिथे १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या प्रती आहेत. डेटाचा हिशेब असा पडतो की ३२० किलोबिटांवर एका तासाला १४४ एमबी लागतात, तर सीडीच्या दर्जाच्या लॉसलेसला तासाला साधारण ३५० ते ४०० एमबी. रोज दीड जीबीच्या मोबाइल योजनेवर पहिल्या प्रकारात दहा तास आणि दुसऱ्यात चार तासांच्या आसपास संगीत मिळते. फायबर नसलेल्या घराने ३२० वर समाधान मानावे, त्यात कमीपणा काही नाही. ४ इंचांच्या स्पीकरवर, मार्चअखेर ते जून सतत चालणाऱ्या कूलरच्या घरघरीत, ३२० आणि लॉसलेस यांतला फरक ओळखणे मला तरी शक्य झालेले नाही. थंडीच्या रात्री, खिडक्या लावून, तानपुऱ्याच्या आणि सारंगीच्या स्वरांत तो किंचित जाणवतो. आणि जुन्या मराठी भावगीतांच्या एकपदरी (मोनो), मर्यादित पल्ल्याच्या मुद्रणांत मूळ फीत किती काळजीने स्वच्छ केली आहे यालाच महत्त्व असते. एकाच गाण्याच्या दोन प्रती सेवेवर असतील तर दोन्ही ऐकून निवडाव्यात, मोठा आकडा पाहून निवडू नयेत.

विजेबाबत स्ट्रीमरची एक खुबी मला फार मोलाची वाटते. तो ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालतो, म्हणजे साध्या पॉवर बँकेवरही चालतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस बाजारात मिळतो. राउटरला किती व्होल्ट लागतात हे त्याच्या अडॅप्टरवर पाहून तो घ्यावा. ही दोन उपकरणे अशी सांभाळली की लाइन येऊन-जाऊन असली तरी प्रत्येक वेळी राउटर नव्याने सुरू होण्याची आणि स्ट्रीमरने त्याला पुन्हा शोधण्याची वाट पाहावी लागत नाही. स्पीकर इन्व्हर्टरवर चालवायचे असतील तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर स्पीकर गुरगुरतात आणि तापतात. शेजारची आटाचक्की सुरू होताना ज्यांच्या घरातले दिवे मंदावतात, त्यांनी स्पीकरच्या मागच्या पट्टीवर तो किती व्होल्टपासून चालतो हे वाचून स्टॅबिलायझरचा निर्णय घ्यावा. विजा कडाडू लागल्या की मात्र सर्व प्लग काढून ठेवावेत. ऑप्टिकल वायर स्ट्रीमरकडून स्पीकरकडे जाणारा तडाखा अडवते, परंतु दोघांचेही प्लग एकाच बोर्डात असतात आणि तडाखा तिथूनही येतो.

राहिला प्रश्न खोलीचा. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन आणि कवेलूंचे छत असलेली खोली संगीताला अतिशय अनुकूल असते, कारण तिथे आवाज फारसा आपटून परत येत नाही. त्या खोलीत या स्पीकरांमधून गायकाचा गळा दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, जणू समोर बसल्यासारखा ऐकू येतो, आणि हार्मोनियमच्या भात्याचा श्वासही कळतो. हेच स्पीकर स्लॅबच्या, फरशी घातलेल्या खोलीत नेले की शब्द घुमतात. तिथे सतरंजी अंथरून आणि समोरच्या भिंतीवर जाड पडदा लावून पुष्कळ सुधारणा होते. टिनाच्या खोलीत ढोलकीच्या थापेबरोबर पत्रा थरथरतो, तेव्हा पेटीवरचे खर्जाचे (बेसचे) बटण उतरवावे. स्पीकर लोखंडी अलमारीवर ठेवू नयेत. लाकडी स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर ठेवावेत. या पेट्यांचे हवेचे छिद्र पुढच्या बाजूला असल्यामुळे त्या भिंतीजवळ ठेवल्या तरी चालतात, आणि आपल्याकडच्या अरुंद खोल्यांत ही सोय लहान नाही. टिनाखाली मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, आत उपकरणांभोवती हवा कोंडू देऊ नये, आणि कूलरचे तुषार त्यांच्यावर येणार नाहीत अशी जागा पाहावी.

४ इंचांच्या वूफरकडून मृदंगाचा खोल घुमारा पूर्णपणे मिळणार नाही, हे गणित कोणत्याही कंपनीच्या पेटीला लागू आहे. बैठकीच्या खोलीत आठ-दहा माणसांनी ऐकण्यासाठी हा आवाज भरपूर होतो. सपरीत किंवा अंगणात, कोजागिरीला सारी आळी जमते तेव्हा, तो अपुरा पडतो. तिथे भाड्याचा साउंड आणून त्याच्या मिक्सरला स्ट्रीमरच्या ३.५ मिलिमीटरच्या लाइन आउटमधून वायर द्यावी. स्पीकर आणि स्ट्रीमर या दोन्ही वस्तूंचा मिळून खर्च मला वीस हजारांच्या घरात आला. तेवढे एकदम शक्य नसेल तर आधी ऑप्टिकल इनपुट असलेले स्पीकर घ्यावेत आणि स्ट्रीमर पुढच्या हंगामात कापसाचे पैसे हाती आल्यावर घ्यावा, कारण चांगल्या स्पीकरवर ब्लूटूथ काही महिने सहन करता येते, पण चांगला स्ट्रीमर सुमार स्पीकरला सुधारू शकत नाही. घेताना दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे, आणि दुरुस्तीसाठी पेटी कुठे पाठवावी लागेल हे त्याला आधीच विचारून ठेवावे.